मिशनचा दवाखाना आणि आपण

मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्या बैठकांमध्ये दोनच सूर ऐकू येतात. एक कृतज्ञतेचा. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, सावित्रीमाईंनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, इतर शाळांच्या ओट्यावरही आपल्या मुलांना बसू देत नव्हते तेव्हा मिशनच्या शाळेत पाटी मिळाली. दुसरा सूर संशयाचा. दवाखाना काढला, शाळा काढली, पण मनात बाप्तिस्माच होता. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, चहा येतो, आणि विषय तिथेच राहतो.

मला या विषयाकडे आरोग्याच्या बाजूने पाहायचं आहे, आणि त्याचं कारण आजचं आहे. आपल्या समाजातल्या कितीतरी मुली जीएनएम, एएनएम होऊन एटापल्ली, भामरागड, कोरची, धानोरा या भागातल्या उपकेंद्रांत रुजू होतात. पावसाळा सरला की चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, वडसा इथून विहार समित्या आणि महिला मंडळं आरोग्य शिबिरं घेऊन माडिया-गोंड गावांत जातात. त्या गावातल्या माणसाच्या नजरेने आपल्याकडे पाहा. वेगळी भाषा बोलणारा, वेगळे कपडे घातलेला, हातात सुई घेतलेला परका माणूस! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मिशनरी ज्या जागी उभा होता, त्या जागी आज आपण उभे आहोत. म्हणून त्याचं काय जमलं आणि काय फसलं, हे आपल्याला माहीत हवं.

‘सिस्टर’ ही हाक कुठून आली?

रुग्ण आम्हाला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतात. विदर्भात तर ‘सिस्टरबाई’. ही हाक चर्चमधून आली. युरोपात रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनींना सिस्टर म्हणत, तोच शब्द दवाखान्यात रुळला. आपल्या देशात परिचारिकेचं काम शिकवून त्याचा व्यवसाय बनवण्यात मिशनच्या दवाखान्यांचा वाटा फार मोठा आहे. नागपूरचं मूर मेमोरियल हॉस्पिटल १८९६ चं, स्कॉटलंडच्या मिशनने काढलेलं. डॉ. ॲग्नेस हेंडरसन या बाई डॉक्टरने ते उभं केलं. तिकडे मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना सुरू केला आणि नुसते रोगी तपासत न बसता इथल्याच मुलामुलींना वैद्यकाचं आणि शुश्रूषेचं शिक्षण दिलं.

यात जातीचा भाग आहे, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच लिहिलेला नाही. परिचारिकेचं काम म्हणजे काय? रक्त, पू, मलमूत्र, बाळंतिणीचा वार, मृताचं अंग पुसणं. जातिव्यवस्थेने हीच कामं विटाळाची ठरवली आणि आपल्या आया-आज्यांच्या माथी मारली. सवर्ण घराच्या बाळंतपणाला सुईण म्हणून महार-मांगाची बाई चालत होती. मूल मोकळं करून झालं की तिने मागच्या दाराने निघायचं आणि तिचा हात लागलेलं सगळं धुवून काढायचं. त्यामुळे मिशनच्या दवाखान्यांनी शुश्रूषा शिकवायला मुली शोधल्या तेव्हा सवर्ण घरांतून कुणी आलं नाही. आल्या त्या ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतल्या, दुष्काळात अनाथ झालेल्या, विधवा म्हणून टाकलेल्या मुली. जे काम जातीने विटाळाचं म्हणून लादलं होतं, त्यालाच गणवेश, पगार, परीक्षा आणि प्रमाणपत्र मिळालं. हा बदल लहान नव्हता. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती, असं नोंदलं आहे. त्या मूठभर बायकांमध्ये ख्रिस्ती मुलींची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी होती ती या कारणाने.

अर्थात मिशनच्या दवाखान्यात सगळं गोड होतं असं नाही. मेट्रन गोरी आणि हाताखालच्या काळ्या, ही उतरंड तिथेही होतीच. पण किळस न करता परक्याच्या जखमेला हात लावायचा, हा धडा त्यांनी कामातून दिला. आपल्याला तो नवा नसायला हवा. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन हगवणीने घाणीत पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतलं आणि माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी असं संघाला सांगितलं, ही गोष्ट विनयपिटकात आहे. आपण ती वर्षावासात ऐकतो, आणि सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात गेल्यावर नाकाला पदर लावतो.

चांद्याच्या वाटेवर

आपल्या भागात मिशनरी आले ते नागपूरमार्गे. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला पोहोचले, तेव्हा तिथे भोसल्यांचं राज्य होतं. ते शिक्षक होते, धर्मोपदेशक होते, आणि दगड-जीवाश्म गोळा करण्याचा त्यांना भारी नाद होता. हिस्लोपाइट हे खनिजाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरचं. पण मला त्यांचं महत्त्व वाटतं ते वेगळ्याच कामासाठी. ते गोंडांमध्ये हिंडले, त्यांची भाषा, चालीरीती, लिंगोची गाणी यांच्या नोंदी त्यांनी केल्या. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडून परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. त्यांच्या नोंदी पुढे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापल्या. आपल्याकडचे शिकलेले लोक तेव्हा गोंडांना रानटी म्हणून मोकळे होत होते, आणि हा माणूस वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या शेजारी बसत होता. त्यात धर्मप्रचाराचा हेतू होता का? होता. तरी ऐकून घेतल्याशिवाय सांगता येत नाही, एवढं त्यांना कळलं होतं.

पुढे १८७० च्या दशकात चांद्यालाच स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन आलं. तिथे सुरुवातीच्या काळात काम केलेल्यांमध्ये नीलकंठशास्त्री गोरे होते, ख्रिस्ती झालेले चित्पावन पंडित. दक्षिणेला, गोदावरी-प्राणहितेच्या काठी सिरोंच्याला अमेरिकन मेथडिस्ट मिशनने शाळा आणि दवाखान्याचं काम केलं. सिरोंचा म्हणजे तेव्हा पावसाळ्याचे चार महिने जगापासून तुटलेला मुलूख. आजही पुराच्या दिवसांत तिथल्या बाळंतिणीला नदी ओलांडून आणणं काय असतं, हे तिथे नोकरी केलेल्या कुठल्याही एएनएमला विचारा. १९६२ नंतर चांद्याचं कॅथलिक काम केरळच्या सायरो-मलबार चर्चकडे आलं. मल्याळम बोलणाऱ्या धर्मभगिनी मराठी शिकल्या आणि आडगावांत दवाखाने चालवू लागल्या. मिशनरी म्हणजे गोराच, हे चित्र त्यामुळे आपल्या जिल्ह्यापुरतं तरी जुनं झालं आहे.

भाषेचा मुद्दा मी पुन्हा आणते, कारण आरोग्याचं निम्मं काम भाषेवर चालतं. माडिया ही गोंडीची बोली, द्रविड कुळातली. मराठीशी तिचा मेळ नाही. ‘पोटात दुखतं’ म्हटलं की आपण जंताची गोळी देतो. ती बाई कदाचित पाळी चुकल्याचं सांगत असते. शिबिरातला डॉक्टर मराठीत विचारतो, आश्रमशाळेतला एखादा मुलगा दुभाषी होतो, आणि त्या मुलासमोर बाई अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार कशी करणार? तथागतांनी धम्म ज्याच्या त्याच्या बोलीत सांगायला भिक्खूंना मोकळीक दिली होती, तो संस्कृत छंदात बांधायला मनाई केली होती. आपल्या शिबिरांचे फलक मात्र शुद्ध मराठीत!

छोटाभाई

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटतो तो एक मराठी माणूस, आणि त्याचं नाव आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकलं असेल. शामराव हिवाळे. ते मराठी ख्रिस्ती होते. पुण्यात जॅक विन्स्लो यांनी चालवलेल्या ख्रिस्त सेवा संघात त्यांची गाठ व्हेरिअर एल्विन या इंग्रज तरुणाशी पडली. एल्विन ऑक्सफर्डला शिकलेले, बिशपचे चिरंजीव, १९२७ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आलेले. गांधीजींच्या सहवासात आले, आणि वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्यासारख्यांशी बोलताना गोंडांमध्ये काम करण्याचा विचार पक्का झाला. १९३२ मध्ये दोघं मैकल डोंगररांगेतल्या करंजिया या गावी गेले. तेव्हाचा मंडला जिल्हा, आजचा दिंडोरी. नागपूरहून त्या काळी तो प्रवासच केवढा!

तिथे त्यांनी झोपड्या बांधल्या, शाळा काढल्या, औषधं द्यायला सुरुवात केली, कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभा केला. लोक एल्विनना बडाभाई म्हणत आणि शामरावांना छोटाभाई. त्यांचा वरिष्ठ धर्माधिकारी होता नागपूरचा बिशप ॲलेक्स वूड. हे वूड आपल्या चांद्याच्या मिशनमध्येच काम करून वर चढलेले. काँग्रेसशी जवळीक ठेवणारा आणि आदिवासींना ख्रिस्ती करायला तयार नसलेला मिशनरी वूड यांना चालण्यासारखा नव्हता. त्यांनी एल्विनना धर्मकार्याचा परवाना दिला नाही. वाद वाढत गेला. १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्च सोडलं. काम सोडलं नाही.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. माणूस धर्म द्यायला आला आणि ज्यांना द्यायचा त्यांच्यात राहून त्याला वाटू लागलं, की यांच्याकडून आपणच शिकायला हवं. बैगा, मुरिया, माडिया यांच्यावर एल्विन यांनी पुढे जे लिहिलं, त्यात चुका असतील, रोमँटिकपणाही आहे. मुरियांच्या घोटुलाचं वर्णन वाचताना मला तो जाणवतो. आदिवासींना बाहेरच्या जगापासून राखून ठेवा, असा त्यांचा एके काळी सूर होता. त्याला तेव्हा विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांचं सगळंच चुकीचं नव्हतं. रस्ता आणि दवाखाना नको, असं गडचिरोलीतली कुठलीही आई म्हणणार नाही.

आणखी एक गोष्ट पुरुष लेखक सहसा तळटीपेत टाकतात. एल्विन यांनी १९४० मध्ये एका गोंड मुलीशी लग्न केलं. ती त्यांच्याच शाळेत शिकलेली, वयाने खूप लहान. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. ते पुढे ईशान्य भारतात गेले, भारतीय नागरिक झाले, त्यांना पद्मभूषण मिळालं. ती मागेच राहिली. सेवा करणारा आणि सेवा घेणारा यांच्यात सत्तेचं अंतर असतं. प्रेमाच्या नावानेही ते मिटत नाही. आपल्या कार्यकर्त्यांना, विशेषतः पुरुष कार्यकर्त्यांना, वस्तीवर मुक्कामी पाठवताना हे बोलून घ्यायला हवं. आपल्याकडे ते बोललं जात नाही.

आणि शामराव? ते त्या डोंगरातच राहिले. एल्विन लिहीत होते, व्याख्यानांना जात होते, तेव्हा शाळा आणि औषधपाण्याचा रोजचा गाडा शामराव हाकत होते. परधान समाजावर त्यांनी १९४६ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. गोंडांची गाणी-कुळकथा सांगणारे हे परधान. त्यांच्याच पाटणगढ गावातून पुढे जनगढसिंह श्याम यांच्यासारखा चित्रकार निघाला. एल्विन यांचं चरित्र लिहिलं गेलं, आत्मकथेला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. छोटाभाईचं नाव मात्र त्याच पुस्तकांच्या पानांत कोपऱ्यात राहिलं. आरोग्याच्या कामात हेच होतं. अहवालावर सही असते ती मोठ्या माणसाची, आणि पाड्यावर रोज जाते ती आशा.

बाबासाहेबांचा हिशोब

मिशनच्या कामाचा सर्वांत कठोर आणि सर्वांत न्याय्य हिशोब बाबासाहेबांनी मांडला आहे. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या ५ व्या खंडात अस्पृश्यांचं ख्रिस्तीकरण आणि धर्मांतरिताची अवस्था या विषयांवर दोन लेख आहेत. ज्यांना जमेल त्यांनी ते मुळातून वाचावेत. बाबासाहेब मिशनच्या शाळा-दवाखान्यांना नाकारत नाहीत, तिथे किती काम झालं याची आकडेवारी देतात. मग ते विचारतात, याचा लाभ कुणाला झाला? मोठी कॉलेजं आणि मोठी इस्पितळं यांच्यावर पैसा ओतला गेला आणि त्यांचा फायदा मुख्यतः उच्चवर्णीयांनी घेतला. जे अस्पृश्य ख्रिस्ती झाले त्यांचं दारिद्र्य तसंच राहिलं. चर्चमध्ये जाऊनही जात गेली नाही.

त्यांचा दुसरा मुद्दा मला परिचारिका म्हणून जास्त झोंबतो. मिशनऱ्याने अस्पृश्याला सांगितलं की तुझी ही अवस्था तुझ्या पापामुळे आहे. समाजव्यवस्थेने तुझ्यावर अन्याय केला आहे, हे सांगितलं नाही. त्यामुळे माणूस प्रार्थना करायला शिकला, अन्यायाविरुद्ध उभा राहायला शिकला नाही.

आता ‘पाप’ हा शब्द काढा आणि तिथे ‘अज्ञान’ घाला. आपली आरोग्य शिबिरं काय सांगतात? मूल कुपोषित आहे कारण आई अज्ञानी आहे. रक्त कमी आहे कारण बायका हिरव्या भाज्या खात नाहीत. गरोदर बाई दवाखान्यात येत नाही कारण ती अंधश्रद्ध आहे. जंगलातले कंद, मोहफूल, मासे, शिकार यांच्यावर जगणाऱ्या माणसाचं जंगल कुणी घेतलं, रेशनवर डाळ किती महिने आली नाही, पाड्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटर आणि वाटेत नाले किती, हे आपण विचारत नाही. हिरव्या भाज्यांची तर गंमतच आहे. पावसाळ्यात किती तऱ्हेच्या रानभाज्या खायच्या, हे माडिया बाईकडून आपण शिकावं. तिला पालक-मेथीचं पोस्टर दाखवणारे आपण कोण?

रुग्णाला दोष देऊन मोकळं होणं ही फार जुनी सवय आहे. ती आपल्याविरुद्ध वापरली गेली. आपल्या वस्त्यांत कॉलरा आला की वस्तीच घाणेरडी ठरायची, पाण्याची विहीर बंद कुणी केली ते कुणी विचारत नव्हतं. तीच सवय आपण पांढरा कोट घालून पुढच्या माणसावर चालवावी, याला काय म्हणायचं!

औषध आणि दीक्षा

धर्मांतराचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण आपण स्वतः धर्मांतरित आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर, १६ ऑक्टोबरला आपलं चांदा. याच वर्षी नागपूरहून आणखी एक गोष्ट बाहेर आली. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने (नागपूर-चांदा त्याच राज्यात होतं) १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली होती. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. १९५६ मध्ये त्यांचा अहवाल आला. शाळा-दवाखान्यांच्या आडून धर्मांतर होतं, असा ठपका त्यात आहे, आणि वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट वापर करायला कायद्याने बंदी घालावी अशी शिफारस आहे. ख्रिस्ती संस्थांनी तो अहवाल एकतर्फी म्हणून नाकारला. आज जे लोक धर्मांतर म्हटलं की लाठी उचलतात, ते हा अहवाल डोक्यावर घेऊन नाचतात. पण एवढंच सांगत नाहीत, की त्याच नियोगींनी त्याच वर्षी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतली.

म्हणजे स्वतःच्या बुद्धीने धर्म बदलणं आणि तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईला औषधासोबत धर्म देणं, यातला फरक त्या माणसाला कळत होता. घटनेचं २५ वं कलम पहिल्या गोष्टीचा अधिकार देतं. तो सर्वांना आहे, चर्चमध्ये जाणाऱ्या गोंड कुटुंबालाही. चर्चमध्ये जातो म्हणून गावाने कुणाला पाण्यावरून अडवलं, मयत पुरू दिलं नाही, अशा बातम्या शेजारच्या बस्तरमधून येतात. त्या वाचून आपण गप्प बसणार असू, तर बहिष्काराबद्दल बोलण्याचा हक्क आपण गमावतो.

आणि आपल्या शिबिरांचं काय? माडिया गावात शिबिर लावायचं, आधी अर्धा तास वंदना घ्यायची आणि तोवर तापाचे रोगी रांगेत बसवून ठेवायचे, असं मी पाहिलं आहे. वंदना आपल्या मुक्कामी, पहाटे घ्यावी. रांगेतल्या माणसाला ‘जोहार’ म्हणावं आणि त्याची नाडी धरावी.

चप्पल, रिपोर्ट आणि कुर्मा घर

कुष्ठरोगाच्या कामात मिशनऱ्यांनी जे केलं त्याला तोड नाही. १८७४ मध्ये वेलस्ली बेली यांनी सुरू केलेलं लेप्रसी मिशन आपल्या विदर्भात अचलपूरजवळच्या कोठारा इथे आजही काम करतं. पण मला सांगायचं आहे ते वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याबद्दल. मिशनरी आईबापांच्या पोटी तामिळनाडूच्या डोंगरात जन्मलेले हे शल्यविशारद १९४६ मध्ये वेल्लोरला आले. कुष्ठरोगात बोटं ‘झडतात’ असाच सगळ्यांचा समज होता. ब्रँड यांनी रुग्णांच्या दिनक्रमाकडे बारकाईने पाहिलं. बधिर हाताला चुलीचा चटका कळत नाही, पायात काटा मोडला तरी माणूस चालत राहतो, रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडतो आणि जाग येत नाही. बोटं जातात ती अशी, जखमांनी. मग त्यांनी रुग्णांना झोपताना जवळ मांजर ठेवायला सांगितलं! वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि पायांसाठी मऊ रबराची चप्पल बनवण्यामागे लागले. आज आरोग्य केंद्रातून मिळणारी एमसीआर चप्पल ती हीच.

चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग संपलेला नाही. वरोऱ्याचं आनंदवन आपल्या जिल्ह्यात असूनही अनेकांना वाटतं की हा आजार गेला. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे टाचणी टोचलेली कळत नसेल, तळहाताला-तळपायाला बधिरपणा असेल, तर लगेच तपासा. उपचार मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभराचा. वेळेत घेतला तर व्यंग येत नाही. तळपाय रोज संध्याकाळी उजेडात पाहायचा, भेगांवर पाण्यात भिजवून तेल लावायचं, चुलीवरचं भांडं फडक्याने उचलायचं.

सिकलसेलची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे आपण आणि गोंड-माडिया एकाच नावेत आहोत. १९५८ मध्येच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं होतं. हा दोष आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे, आणि आदिवासींमध्येही. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळ सिकलसेलचं रुग्ण असेल. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम जाहीर केली, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं. तपासणी चांगली, पण तपासणी म्हणजे काम झालं असं नाही.

एटापल्ली तालुक्यातल्या एका पाड्यावर मी गेले तेव्हा बायकांनी बोटं मुठीत मिटून घेतली. दोन वर्षांपूर्वी एक संस्था आली होती, सगळ्यांचं रक्त घेऊन गेली, फोटो काढले, बिस्किटाचे पुडे वाटले. रिपोर्ट आलाच नाही. गावात बोलबाला झाला की यांनी रक्त विकलं. आता त्या गावात सिकलसेलचं एखादं लेकरू सांधे धरून रडत असेल, तर ते कुणाला कळणार आहे? मिशनच्या माणसांचे हेतू काहीही असोत, ते पुढच्या पावसाळ्यातही तिथेच होते. रिपोर्ट मागायला कुणाच्या दारात जायचं, हे लोकांना ठाऊक होतं.

कुर्मा घराचंही असंच. पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं, ही चाल मला मुळीच मान्य नाही. तिथे साप चावतात, थंडी बाधते, रक्तस्राव जास्त झाला तर हाकेला कुणी नसतं. पण शहरातून जाऊन ती झोपडी मोडा म्हणणाऱ्या भाषणाचा उपयोग शून्य. बायकांना विचारलं तर त्या आधी दार मागतात, दिवा मागतात, संडास आणि पाणी मागतात. काही म्हणतात की तेवढेच चार दिवस कामातून सुटका. हे ऐकून घेतल्यावर पुढचं बोलणं सुरू होतं, त्याआधी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लोकांना विचारूनच शोधग्रामचा दवाखाना आदिवासी गावासारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरीचं नाव दिलं. देवीचं नाव दवाखान्याला, हे आपल्या विचारात बसणार नाही. पण तो दवाखाना आपला नाही, त्यांचा आहे.

या हिवाळ्यात आमच्या महिला मंडळाने पाच गावांऐवजी एकच गाव घ्यायचं ठरवलं आहे. दोन मुली, एक एएनएम आणि एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दर महिन्याला चार दिवस तिथे राहतील. दुभाषी म्हणून आश्रमशाळेतला मुलगा नाही, गावातलीच एक बाई, आणि तिला मानधन. आधीचे अडकलेले रिपोर्ट मिळतात का, याचा पाठपुरावा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे चालू आहे. न मिळाल्यास ज्यांची इच्छा असेल त्यांचीच तपासणी पुन्हा होईल आणि कार्ड त्याच महिन्यात ज्याच्या त्याच्या हातात दिलं जाईल. पहिल्या बैठकीला एकवीस बायका आल्या. त्यांनी सांगितलेलं पहिलं काम रक्ततपासणीचं नव्हतं. शाळेजवळचा हातपंप मार्चपासून बंद आहे. त्याचा अर्ज पंचायत समितीत देऊन पोच घेतली आहे.